पाहुण्यांपुढे अनोळखी फळ ठेवताना

एखादं अनोळखी फळ खाऊन तोंड वाकडं केलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते, "पिकलेलं होतं का ते?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "काय माहीत, दुकानात होतं तसं आणलं आणि कापलं." त्या फळावर अन्याय झाला तो तिथेच. वेगवेगळी फळं मिळवून चाखायची आणि घरी येणाऱ्यांना खिलवायची, हा नाद मला कित्येक वर्षांचा आहे. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. नावडती ठरलेली बरीचशी परदेशी फळं मुळात वाईट नसतात, ती चुकीच्या दिवशी खाल्लेली असतात.

पर्सिमनचंच बघा. नारिंगी, तुकतुकीत, डोळ्यांना मोहात पाडणारं फळ. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. फुयू चपटं असतं आणि ते कडक असतानाही सफरचंदासारखं चावून खाता येतं. हाचिया खाली निमुळतं असतं. ते कडक असताना खाल्लं तर एका घासात जीभ, टाळू, गालांची आतली बाजू सगळं आवळून येतं. कच्च्या हाचियात विरघळणारं टॅनिन भरपूर असतं आणि ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटून बसतं, म्हणून तोंड असं कोरडं पडतं. फळ पूर्ण पिकलं की तेच टॅनिन न विरघळणारं होतं. ते फळातच असतं, पण जिभेला लागत नाही. त्यासाठी हाचिया इतका मऊ व्हावा लागतो की उचलताना तो फुटेल अशी भीती वाटावी. बहुतेक लोक त्या अवस्थेतलं फळ सडलं म्हणून टाकून देतात. माझ्या घरी मात्र ते तेव्हाच ताटलीत येतं, वरची टोपी काढून, चमच्याने खायला. आतला गर घट्ट मुरंब्यासारखा आणि नितांत गोड असतो. कडक हाचियाने पोळलेल्या एका मैत्रिणीला मी तो असा दिला, तर तिचा विश्वासच बसेना की हे तेच फळ आहे.

म्हणून माझा पहिला नियम असा की जे फळ मी स्वतः एकटीने, निवांतपणे खाल्लेलं नाही ते पाहुण्यांपुढे ठेवायचं नाही. नवीन फळ आणताना मी शक्यतो एकापेक्षा जास्त नग आणते. एक लगेच कापायचं, बाकीची थांबून. कापण्याआधी देठाजवळ वास घेते, हलकेच दाबून बघते. मग आडवं कापते, कारण आडव्या कापात बियांची मांडणी आणि गराचा पोत चटकन कळतो. पहिला तुकडा नखाएवढा. तो जिभेवर ठेवून जरा थांबते. खाज, चुरचुर, ओठांना मुंग्या असं काही झालं तर तिथेच थांबायचं. तसं काही नसेल तर थोडं आणखी, आणि पोटभर खायचं ते दुसऱ्या दिवशी. हे सगळं एका वहीत उतरवते. चव कशी होती हे मी त्यात थोडक्यात लिहिते. साल कशी निघाली, रस कपड्याला डागतो का, बी गिळण्याजोगी आहे की नाही, कापल्यावर किती वेळात काळं पडतं, हे मात्र सविस्तर. पाहुणे दारात उभे असतात तेव्हा हीच माहिती उपयोगी पडते.

पिकवण्याचं एक गणित समजून घेतलं की पुष्कळ निराशा टळते. काही फळं तोडल्यानंतरही पिकत राहतात. चेरिमोया, पर्सिमन, ब्लॅक सपोटे ही त्यातली. फळ पिकताना त्यातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो आणि तो बाकीच्या फळांनाही पिकायला लावतो. त्यामुळे अशी फळं कागदी पिशवीत एखाद्या पिकल्या केळ्याबरोबर ठेवली की लवकर तयार होतात. रामबुतान, लिची, ड्रॅगन फ्रूट यांचं तसं नाही. ती झाडावर जेवढी पिकली तेवढीच. नंतर ती फक्त शिळी होतात, गोड होत नाहीत. त्यामुळे ही फळं पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आणायची आणि पहिली चार-सहा दिवस आधी. उष्ण प्रदेशातली कच्ची फळं फ्रिजमध्ये घालणं हा तर मोठाच घात. थंडीने त्यांची पिकण्याची क्रियाच बिघडते. वरून काळी पडतात आणि आत तशीच कडक राहतात. आधी पिकू द्यायचं, मग गार करायचं.

चेरिमोयाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्यांचं ते सर्वांत लाडकं फळ आहे. हे सीताफळाच्याच कुळातलं, मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या बाजूचं. अंगठ्याने दाबलं की किंचित दबलं पाहिजे. सालीवर तपकिरी छटा आली तरी घाबरायचं नाही. गर पांढरा, मलईदार, त्यात अननस, केळं आणि नासपतीची आठवण एकाच वेळी होते. त्याच्या बिया मात्र विषारी असतात. अख्खी बी चुकून गिळली गेली तर ती सहसा तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा वाटली जाता कामा नये. म्हणून चेरिमोयाचं मिल्कशेक करताना मी गर हाताने कुस्करते आणि एकेक बी बाहेर काढल्याशिवाय मिक्सरला हात लावत नाही. लहान मुलांना तर बिया काढूनच देते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. फळं खिलवायला बोलावताना मी फोनवरच विचारून घेते, "कुणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का? कसली ॲलर्जी? रोजची कुठली औषधं चालू आहेत?" काहींना हा चौकशीचा सूर विचित्र वाटतो. मला तो अजिबात विचित्र वाटत नाही.

याचं कारण स्टार फ्रूट, म्हणजे करंबोळा. आडवी चकती कापली की सुबक पाचकोनी चांदणी दिसते. सजावटीसाठी याच्यासारखं फळ नाही आणि धडधाकट माणसाला बेताने खाल्ल्यास ते बाधतही नाही. पण ज्यांची मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत त्यांच्यासाठी ते खरोखरच विष आहे. त्यात मूत्रपिंडांना त्रासदायक असं ऑक्झलेट भरपूर असतं आणि कॅरँबॉक्सिन नावाचं एक द्रव्यही असतं. हे द्रव्य 2013 मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी शोधून काढलं. ते मज्जासंस्थेवर परिणाम करतं. निरोगी मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, आजारी मूत्रपिंडांना ते जमत नाही. सुरुवात बहुतेकदा न थांबणाऱ्या उचक्यांनी होते, मग उलट्या, भ्रम, झटके. अशा रुग्णांचे मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत आणि त्यासाठी खूप फळ खावं लागतं असंही नाही.

एकदा फोनवर एका काकूंनी सांगितलं की काकांचं डायलिसिस सुरू झालंय. त्या संध्याकाळी मी स्टार फ्रूट टेबलावर आणलंच नाही. काकांच्या ताटलीत दिलं नाही की झालं, असं मला पुरेसं वाटलं नाही. चकत्या सजावटीला लावल्या की त्या इकडच्या वाडग्यातून तिकडच्या वाडग्यात जातात, कुणीतरी प्रेमाने आग्रह करतं, रस दुसऱ्या फोडींना लागतो. डायलिसिसवर असलेल्यांना पोटॅशियमचंही पथ्य असतं, त्यामुळे बाकीच्या फळांपैकी काय आणि किती चालेल ते काकूंनी डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं होतं. काकांनी रामबुतान सोलून इतरांना देण्याचं काम हौसेने अंगावर घेतलं आणि स्वतः मोजून खाल्ले.

औषधांचं विचारायचं ते ग्रेपफ्रूट आणि पोमेलो म्हणजे पपनस यांच्यामुळे. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं प्रमाण या फळांमुळे रक्तात नको तेवढं वाढतं. ॲलर्जीचं विचारायचं कारण, ज्यांना रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असते त्यांच्यापैकी काहींना किवी, केळं, ॲव्होकाडोही सोसत नाही. आणि ॲकी हे फळ मी ताजं कधीच देत नाही. जमैकाचं हे राष्ट्रीय फळ झाडावरच आपोआप उकलल्याशिवाय खाल्लं तर त्यातल्या हायपोग्लायसिनमुळे रक्तातली साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाते. जे फळ झाडावर उकललेलं मी पाहिलेलं नाही, त्याची हमी मी दुसऱ्याला कशी देणार?

एवढी तयारी झाली की पुढचा भाग आनंदाचा.

फळं मी आधी कापून ठेवत नाही. अख्खी फळं टेबलाच्या मधोमध मांडते आणि लोकांना ती हातात घेऊ देते. रामबुतानचे मऊ केस, सलाकची सापाच्या कातडीसारखी खवल्यांची साल, किवानोचे काटे, बुद्धाज हँडची बोटं. फळ आधी हाताला ओळखीचं झालं की तोंडाला त्याची धास्ती राहत नाही, असा माझा अनुभव आहे. बुद्धाज हँड हा महाळुंगाचाच एक प्रकार, त्यात गर जवळजवळ नसतोच. तो फक्त वासासाठी. एक फळ ठेवलं की खोली दरवळते. निघताना मी त्याची साल किसून थोड्या साखरेत मिसळून देते.

मँगोस्टीन आला की मुलं गोळा होतात. त्याच्या बुडाला एक छोटं फूल कोरल्यासारखं दिसतं. त्याला जितक्या पाकळ्या, तितक्याच आत पांढऱ्या फोडी. मुलं पाकळ्या मोजतात, आकडा जाहीर करतात आणि मग मी फळ फोडते. सुरी पोटातून सरळ आरपार घालायची नाही. मध्यावर सालीपुरता गोल काप द्यायचा आणि दोन्ही हातांनी पिळून वरची टोपी उचलायची. दाबून बघताना साल किंचित दबली पाहिजे. दगडासारखी कडक असेल तर फळ जुनं झालेलं असतं. आत पिवळा डिंकासारखा चीक दिसला तर ती फोड कडू निघते, ती मी बाजूला काढते. जांभळ्या सालीचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून त्या दिवशी टेबलावर गडद रंगाचं कापड असतं आणि पांढरे सदरे घालून आलेल्यांना मी आधीच नॅपकिन देते.

चव कशी असेल हे मी आधी सांगत नाही. "स्ट्रॉबेरीसारखं लागतं" म्हटलं की माणसाची जीभ स्ट्रॉबेरी शोधत बसते आणि ती सापडली नाही की फळ फसलं असं वाटतं. पोत मात्र मी आवर्जून सांगते. बुळबुळीत आहे, रवाळ आहे, बिया कुरकुरीत आहेत, हे ठाऊक असलं की दचकायला होत नाही. किवानोचा हिरवा जेलीसारखा गर न सांगता तोंडात गेला तर बरेच जण बिचकतात. प्रत्येकाला एक घास पुरे. शेजारी एक रिकामी वाटी असते आणि मी सांगून ठेवते, "नाही आवडलं तर यात टाका, मला जराही वाईट वाटणार नाही." खरंच वाटत नाही. ती वाटी असल्यामुळेच लोक चाखायला तयार होतात, आणि ती बहुतेक वेळा रिकामीच उरते.

ड्रॅगन फ्रूटने अनेकांची निराशा होते, ते मला समजतं. पांढऱ्या गराचं फळ दिसायला जेवढं देखणं तेवढंच चवीला मवाळ. त्याला गार करून वर लिंबू पिळलं की जरा जीव येतो. पिवळ्या सालीचं मिळालं तर ते घ्यावं, ते खूपच गोड असतं. लाल गराचं देणार असाल तर पाहुण्यांना सांगून ठेवा की उद्या लघवीला किंवा शौचाला लालसर रंग दिसू शकतो. तो बीटासारख्याच रंगद्रव्याचा असतो. हे आधी सांगितलं नाही तर सकाळी घाबरून फोन येतात.

आणि आता मिरॅकल बेरी. पश्चिम आफ्रिकेतलं हे इवलंसं लाल फळ स्वतः जवळजवळ बेचव असतं. त्यातलं मिरॅक्युलिन नावाचं प्रथिन 1968 मध्ये वेगळं करण्यात आलं. हे प्रथिन जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या जागांना चिकटतं आणि नुसतं बसून राहतं. तोंडात आंबट काही आलं की मात्र ते त्या जागा जागवतं. मग आंबट पदार्थ गोड लागतो. आंबटपणा ओसरला की ते पुन्हा शांत, पुन्हा आंबट आलं की पुन्हा गोड. साधारण अर्धा तास ते तास-दीड तास हा खेळ चालतो.

ही फळं तोडल्यावर फार टिकत नाहीत, म्हणून मी गोठवलेली वापरते. ती शिजवायची नाहीत, उष्णतेने हे प्रथिन निकामी होतं. प्रत्येकाला एक फळ द्यायचं, चावून लगेच गिळायचं नाही. गर जिभेवर सगळीकडे फिरवत मिनिट-दोन मिनिटं घोळवायचा आणि बी टाकून द्यायची. त्या वेळात खोलीत कुणी बोलत नाही, सगळ्यांचे गाल हलत असतात. मग मी लिंबाच्या फोडींची ताटली पुढे करते.

पहिली फोड उचलायला कुणी धजत नाही. एकदा एका आजोबांनी उचलली. त्यांनी डोळे मिटून घट्ट तोंड करून ती चोखली, डोळे उघडले आणि दुसरी फोड घेतली. एवढं बघून सगळे तुटून पडले. लिंबं, हिरवी आंबट किवी, पॅशन फ्रूट, कच्ची स्ट्रॉबेरी, पाण्यात कालवलेलं व्हिनेगरसुद्धा. पॅशन फ्रूट तर त्या फळानंतर अक्षरशः सरबताचा घोट होतो. लोक एकमेकांना ताटल्या देत होते, "हे घेऊन बघा, आता हे" असं चाललं होतं. पहिल्यांदाच भेटलेली माणसं तासाभरात जुन्या ओळखीची झाली. या एका फळासाठी मी कितीही धावपळ करायला तयार आहे.

एक सावधगिरी मात्र मी प्रत्येक वेळी बोलून दाखवते. गोड लागलं म्हणून आम्ल कमी झालेलं नसतं. दात आणि पोट यांना लिंबू लिंबूच असतं. ज्यांना आम्लपित्त किंवा अल्सर आहे त्यांनी एखाद-दुसऱ्या फोडीवर थांबावं. ताटलीतल्या फोडी मी मुद्दाम पातळ आणि मोजक्या ठेवते.

ड्युरियन मी उघड्या अंगणात किंवा गच्चीवर देते, घरात नाही. सिंगापूरच्या मेट्रोत ते न्यायला बंदी आहे, यावरून वासाची कल्पना यावी. हा वास मुख्यतः गंधकाच्या संयुगांचा. 2017 मध्ये ड्युरियनचा जनुकीय आराखडा तयार झाला, तेव्हा ही संयुगं तयार करणाऱ्या जनुकाच्या जास्तीच्या प्रती त्यात आढळल्या. वास नाकातून येतो तोवर तो धक्का देतो. गर तोंडात गेला की मलई, बदाम आणि कुठेतरी परतलेला कांदा असं काही तरी एकत्र येतं. मला ते मनापासून आवडतं. सगळ्यांना आवडावं असा माझा आग्रह नाही. पण ज्यांना वासच सहन होत नाही त्यांनी दूर बसावं आणि त्यांची कुणी थट्टा करू नये, एवढं मी बघते. ड्युरियनबरोबर दारू मात्र मी कुणालाही घेऊ देत नाही. मद्य पचवणाऱ्या एका एन्झाइमचं काम ड्युरियनच्या अर्कामुळे मंदावतं, असं 2009 मध्ये जपानी संशोधकांना प्रयोगशाळेत दिसलं होतं. मला तेवढं पुरेसं आहे.

एकच फळ असं आहे की जे मला ठरवून कुणाला खिलवता येत नाही. मॉन्स्टेरा डेलिसिओसा. शोभेचं म्हणून घरोघरी ठेवतात ती मोठ्या, फाटक्या पानांची वेल. घरात तिला सहसा फळ धरत नाही, बाहेर उबदार हवेत धरतं आणि ते पिकायला वर्षभर लागतं. मक्याच्या कणसासारखं दिसणारं हे हिरवं फळ षटकोनी खवल्यांनी झाकलेलं असतं. कच्च्या फळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला आणि जिभेला टोचतात. खवले आपोआप सुटून पडले की त्याखालचा तेवढाच भाग पिकला असं समजायचं. आज बुडाकडचे चार खवले, उद्या आणखी थोडे, असं ते अनेक दिवस चालतं. खवला जबरदस्तीने सोलून खाणं कटाक्षाने टाळायचं.

त्यामुळे पाहुण्यांची वेळ आणि या फळाची वेळ कधीच जुळत नाही. मी ते उंच बरणीत उभं ठेवते, खाली पडणारे खवले गोळा होतात आणि अननस-केळ्याचा वास सुटला की समजतं. मग ज्याला जमेल त्याला फोन करते, "आज दोन माणसांपुरतं पिकलंय, येतेस का?" जी येते तिच्याबरोबर चमच्याने तेवढाच गर खाते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी फोन.